नगरची माती : शहराभोंवतालच्या दफनभूमींचा इतिहास



मरणासंबंधीं आपल्या मराठी भाषेंत जे वाक्प्रचार आहेत, त्यांतले पुष्कळ ‘माती’ ह्या एका शब्दाभोंवतीं फिरतात. प्रेतयात्रेस जाणें म्हणजे ‘मातीस जाणें’. मेलेल्याचा शेवटचा संस्कार करणें म्हणजे ‘मूठमाती देणें’. परगांवीं दुखण्यास पडलेला म्हातारा मुलांस विनवितो, ‘मला घरीं न्या, माझी माती आपल्या गांवीं पडूं द्या.’ प्रेतें जाळण्याची चाल असो कीं पुरण्याची असो, ह्या विनवणीचा अर्थ दोन्हीं घरीं सारखाच कळतो. आपण कोणाचे, आपलें गांव कोणतें, आणि शेवटीं आपणांस उचलण्यास चार खांदे कोणाचे मिळतील, हा सर्व प्रश्न त्या एका शब्दांत सांठविलेला आहे.

ज्याला आपण बोलतांना नुसतें ‘नगर’ म्हणतों, त्या अहमदनगर शहराचें नांव २०२४ सालीं अहिल्यानगर असें झालें. ह्या शहरांत व त्याच्या आसपास गेल्या पांचशें वर्षांतील थडगीं आहेत. येथें सुलतानाचा घुमट आहे, वजिराची डोंगरावरील कबर आहे, दिल्लीच्या बादशहानें जेथें प्राण सोडला ती जागा आहे, लढाईंत पडलेल्या शिपायांची माती आहे, सातासमुद्रांपलीकडून आलेल्या एका शिक्षिकेचें थडगें आहे, जातीबाहेर पडलेल्या माणसांच्या साध्या कबरा आहेत, आणि एका कवीची रक्षा आहे. हीं सर्व कालक्रमानें पाहिलीं असतां ‘माझी माती कोठें पडावी’ ह्या प्रश्नास मनुष्यांनीं किती निरनिराळीं उत्तरें दिलीं हें ध्यानांत येतें. तीं उत्तरें समजून घ्यावीं एवढाच ह्या पाठाचा हेतु आहे.

थडगें वाचावें कसें

प्रथम कांहीं शब्द नीट समजून घेऊं. जमिनींत प्रेत पुरून वर जो ओटा बांधितात तें थडगें किंवा कबर. कबरीवर घुमटाची इमारत उठविली म्हणजे तो मकबरा. दक्षिणेंत त्यासच रोझा असेंही म्हणतात. साधुपुरुषाच्या कबरीस लोक नवसास जाऊं लागले म्हणजे तो दर्गा. संन्याशास जेथें पुरितात ती त्याची समाधि. आणि सरदाराच्या दहनाच्या जागीं जी छोटी मंडपी उभारितात ती छत्री. आपल्या जिल्ह्यांतील कित्येक गांवांच्या वेशींपाशीं किंवा जुन्या देवळांच्या आवारांत कोरीव शिळा उभ्या दिसतात. त्यांवर खालच्या चौकटींत लढाई, मधल्या चौकटींत अप्सरांनीं वर नेला जाणारा वीर, व अगदीं वर शिवलिंगाची पूजा असा क्रम असेल तर तो वीरगळ समजावा. वीरगळाखालीं बहुधा प्रेत नसतें. ती केवळ आठवण असते.

थडग्याची दिशाही बोलकी असते. आपल्या देशांतून मक्का पश्चिमेस पडते; म्हणून मुसलमानाचें प्रेत दक्षिणोत्तर ठेवून त्याचें मुख पश्चिमेकडे वळवितात. ख्रिस्ती लोकांत जुनी चाल अशी कीं, डोकें पश्चिमेस व पाय पूर्वेस ठेवावयाचे. पुनरुत्थानाच्या दिवशीं मनुष्य उठला म्हणजे त्याचें तोंड उगवतीकडे असावें ही त्यांतील भावना. मुसलमानी कबरीवर कलमदानासारखा लांबट उंचवटा असेल तर ती पुरुषाची, व पाटीसारखा सपाट भाग असेल तर ती स्त्रीची, असा संकेत दक्षिणेंतील व मोंगलांच्या जुन्या कबरींवर पुष्कळ ठिकाणीं आढळतो. तेव्हां अक्षर एकही न वाचतां मनुष्याचा धर्म व कित्येकदां तो पुरुष कीं स्त्री हेंही सांगतां येतें.

अक्षरें असलीं तर बहुधा कालगणनेची अडचण येते. शकांत ७८ मिळविले म्हणजे इसवी सन येतो, व फसली सनांत ५९०. हिजरी सनाचें गणित थोडें निराळें आहे. कारण तें वर्ष चांद्र असून आपल्या वर्षाहून सुमारें अकरा दिवसांनीं लहान असतें. हिजरी आंकड्यास ०.९७ नें गुणून ६२२ मिळवावे, म्हणजे अंदाजी इसवी सन मिळतो. औरंगजेब बादशहा हिजरी १११८ मध्यें वारला. १११८ ला ०.९७ नें गुणिलें असतां १०८४ च्या वर थोडा अपूर्णांक येतो. त्यांत ६२२ मिळविले म्हणजे १७०६ होतात. खरी तारीख ३ मार्च १७०७ ही आहे. म्हणजे ह्या रीतीनें एखाद्या वर्षाची चूक राहूं शकते, हें ध्यानांत ठेवावें. कित्येक फारसी लेखांत आंकडाच नसतो. एका वाक्यांतील अक्षरांच्या ठराविक किंमती मिळविल्या म्हणजे मृत्यूचें साल निघतें. पंडितांनीं मृत्यूसही असें कोड्यांत घातलेलें पाहून मौज वाटते.

सुलतान आणि वजीर

नगरच्या इतिहासाचा आरंभच रणांगणांत झाला. १४९० सालीं मलिक अहमद ह्यानें भिंगारजवळ बहामनी सैन्याचा पराभव केला व निजामशाहीची स्थापना केली. ज्या जागीं जय मिळाला तेथें त्यानें प्रथम बाग लाविली व पुढें १४९४ च्या सुमारास शहर वसविलें. सोळाव्या शतकाच्या पहिल्या दशकाच्या अखेरीस तो वारला. त्याची कबर शहराबाहेर, दिल्ली दरवाज्याच्या बाजूस, बागरोझा नांवाच्या काळ्या दगडाच्या घुमटाखालीं आहे. ज्यानें शहर वसविलें तो त्याच शहराच्या कुशींत विसांवला, हें पहिलें व सर्वांत सरळ उत्तर होय. ह्याच आवाराजवळ एका हत्तीचें थडगें दाखवितात. १५६५ च्या तालिकोटच्या लढाईंत विजयनगरच्या रामराजास ज्या हत्तीनें सोंडेनें पकडिलें तोच हा, असें सांगतात. मनुष्यानें मुक्या जनावरासही आपल्या माणसांत जागा दिल्याचें हें उदाहरण लक्षांत ठेवण्याजोगें आहे.

परंतु अहमदाच्या मुलाचें उत्तर वेगळें होतें. बुऱ्हाण निजामशहा ह्यानें शाह ताहीर नांवाच्या विद्वानाच्या उपदेशानें १५३७ सालीं शिया पंथ स्वीकारिला. १५५३ सालीं तो वारल्यावर त्यास प्रथम बापाजवळ बागरोझ्यांत ठेविलें. परंतु पुढें त्याचे अवशेष तेथून काढून इराकांतील करबला येथें, इमाम हुसेन ह्यांच्या स्थानाजवळ नेले, असें फेरिस्ता लिहितो. फेरिस्ता तरुणपणीं नगरच्या दरबारीं होता, म्हणून त्याच्या सांगण्यास विशेष किंमत आहे. बापाची माती राज्यानें ठरविली व मुलाची श्रद्धेनें. श्रद्धेचें गांव मनुष्याच्या गांवाहून हजारों कोस दूर असूं शकतें, हें येथें दिसतें.

शहराच्या पूर्वेस सुमारें सहा मैलांवर शहाडोंगरावर अष्टकोनी, तीन मजल्यांची जी भव्य इमारत दुरून दिसते, तिला सर्व लोक ‘चांदबिबीचा महाल’ म्हणतात. वस्तुतः ती मुर्तजा निजामशहाचा वजीर सलाबतखान ह्याची कबर आहे. सलाबतखान सोळाव्या शतकाच्या अखेरीस वारला, आणि चांदबिबी १६०० सालीं नगरच्या किल्ल्यांत आपल्याच लोकांच्या हातून मारली गेली. वजिराच्या थडग्यास राणीचें नांव कां पडलें? मोंगलांशीं शौर्यानें लढणारी राणी लोकांच्या मनांत राहिली. राज्यकारभार चालविणारा वजीर विसरला गेला. दगड एक सांगतो व लोकस्मृति दुसरेंच सांगते. इतिहासाच्या विद्यार्थ्यानें दोघांचेंही ऐकावें. परंतु कोणतें वचन कोणाचें हें वेगळें लिहून ठेवावें.

बादशहा आणि शिपाई

१६८१ सालीं औरंगजेब उत्तर हिंदुस्थान सोडून दक्षिणेच्या मोहिमेस निघाला. पंचवीस वर्षें तंबूंत घालवूनही मराठ्यांचें बंड त्याच्यानें मोडलें नाहीं. १७०६ च्या आरंभीं थकलेलें सैन्य घेऊन तो नगरास आला, आणि पुढच्या वर्षीं ३ मार्च रोजीं भिंगारजवळच्या छावणींत, वयाच्या ८९ व्या वर्षीं, त्यानें प्राण सोडला. ती जागा आज ‘आलमगीर’ ह्या नांवानें ओळखली जाते. त्याचा देह मात्र येथें राहिला नाहीं. तो सुमारें ऐंशी मैलांवरील खुलताबादेस नेऊन शेख झैनुद्दीन ह्यांच्या दर्ग्याच्या आवारांत साध्या उघड्या कबरींत ठेविला. निजामशाहीसाठीं मोंगलांशीं झुंजलेला, १६२६ सालीं वारलेला मलिक अंबर हाही त्याच खुलताबादेंत निजला आहे. जे एकमेकांच्या राज्यांचे वैरी, त्यांस एका लहानशा गांवाच्या मातीनें शेजारीं जागा दिली. ज्या बादशहाच्या नांवानें अर्ध्या जगाएवढा मुलूख चालला, त्यास नगरच्या मातीनें केवळ मृत्यूची जागा दिली. विसांव्याची जागा त्याचें मन आधींच दुसरीकडे निवडून बसलें होतें.

ह्यानंतर शंभर वर्षांनीं आणखी एक सत्ता नगरच्या तटाशीं आली. त्या वेळीं किल्ला दौलतराव शिंद्यांकडे होता. ८ ऑगस्ट १८०३ रोजीं जनरल आर्थर वेलस्ली, जो पुढें ड्यूक ऑफ वेलिंग्टन म्हणून प्रसिद्ध झाला, त्यानें शिड्या लावून पेठेचा तट चढविला, आणि १२ तारखेस किल्ला त्याच्या हातीं आला. चढाईंत सर्वांत पुढें ७८ वी हायलंडर पलटण होती. ती स्कॉटलंडाच्या डोंगरी मुलखांतील शेतकऱ्यांच्या मुलांची पलटण. त्यांतील कित्येक तटावरच पडले. तटाच्या आंतून लढणाऱ्यांत अरब होते व मराठेही होते. तेही शेंकड्यांनीं पडले. इंग्रज अधिकाऱ्यांचीं नांवें सरकारी कागदांत राहिलीं. परंतु तट राखणाऱ्या सामान्य शिपायाचें नांव कोणीं लिहून ठेविलें? स्कॉटलंडची आई, अरबस्तानची आई व आपल्याच जिल्ह्यांतील एखाद्या खेड्यांतील आई, ह्या तिघींच्या मुलांची माती एकाच तटाखालीं पडली. त्यांपैकीं एकानेंही ती जागा निवडिली नव्हती. थडगें हा इतिहासाचा पुरावा खरा, परंतु तो जिंकणाराच्या बाजूचा पुरावा बहुधा असतो, हा धडा येथें घ्यावयाचा.

मिशनची दफनभूमि

१८१८ नंतर नगर जिल्हा इंग्रजी अमलाखालीं आला, आणि छावणीबरोबर ख्रिस्ती दफनभूमि आली. अमेरिकन मिशनचे लोक मुंबईस १८१३ पासूनच होते. डिसेंबर १८३१ मध्यें अॅलन ग्रेव्हज, हॉलिस रीड व विल्यम हर्वी हे तिघे, आणि त्यांच्याबरोबर बाबाजी रघुनाथ नांवाचे ख्रिस्ती झालेले ब्राह्मण गृहस्थ, नगरास येऊन राहिले. हर्वी ह्यांची पत्नी आदल्याच मे महिन्यांत मुंबईस वारली होती. नगरांत येऊन पांच महिने झाले नाहींत तोंच, १३ मे १८३२ रोजीं, पटकीनें हर्वी स्वतः गेले. पुढील वर्षीं त्याच रोगानें बाबाजीही गेले. पटकी कशानें होते हें त्या काळीं कोणास ठाऊक नव्हतें. तिचे जंतु ओळखून डॉ. रॉबर्ट कॉख ह्यांनीं जगास पटवून दिलें तें १८८३–८४ सालीं, ईजिप्त व कलकत्ता येथें. आज मीठ, साखर व उकळलेलें पाणी ह्यांनीं जो रोगी वांचवितां येतो, तो त्या काळीं सकाळीं आजारी पडून संध्याकाळीं मातींत जात असे. जुन्या दफनभूमींतील वयें वाचतांना हें स्मरणांत ठेवावें. नाहींतर इतकीं तरुण माणसें कां गेलीं ह्याचा उलगडा होत नाहीं.

बाबाजींच्या मरणानें एक प्रश्न उभा केला, आणि तो ह्या पाठाचा गाभा आहे. ‘घटस्फोट’ हा शब्द आज आपण नवरा-बायकोच्या विभक्त होण्यास लावितों. धर्मशास्त्रांत त्याचा अर्थ फार कठोर होता. जातीबाहेर टाकलेल्या मनुष्याच्या नांवानें पाण्याचा घट लाथाडून पालथा करावयाचा आणि तो जिवंत असतांनाच मेला असें समजावयाचें. पुढें त्यास पाणी नाहीं, पिंड नाहीं, सुतक नाहीं. एकोणिसाव्या शतकांत जो ब्राह्मण ख्रिस्ती होई त्याचें घरच्यांच्या लेखीं हेंच होत असे. वडिलांचें श्राद्ध करण्याचा अधिकार गेला, आणि मरतांना खांदा देणारे चौघे गेले. प्रश्न स्वर्गाचा नव्हता. प्रेत स्मशानापर्यंत नेण्याचा होता.

दुसऱ्या बाजूस नगरच्या अनाथगृहांतील आंधळे, पांगळे व महारोगी होते. तेथें बाबाजी व रीड रोज जाऊन बोलत असत, आणि १८३३ सालीं नगरास जी पहिली मंडळी स्थापन झाली तिच्यांत ह्या दीनांतील कित्येक होते. पुढें महार व मांग जातींतील अनेक कुटुंबें आलीं. गांवाच्या वहिवाटीप्रमाणें दुसऱ्याच्या मरणाची बातमी पाहुण्यांस पोंचविणें व चितेस लांकडें पुरविणें हें महाराचें काम. परंतु स्वतःच्या मेलेल्यास गांवाच्या स्मशानांत सर्वांशेजारीं जागा त्यास नव्हती. तेव्हां एकाचें स्मशान धर्मांतरानें गेलेलें, व दुसऱ्यास तें कधीं मिळालेंच नव्हतें.

ह्या दोघांस जी पहिली सामायिक जागा मिळाली, ती मिशनची दफनभूमि. १८३९ सालीं हरिपंत रामचंद्र ख्रिस्ते झाले. १८५४ सालीं त्यांस व रामकृष्णपंत मोडक ह्यांस नगरच्या मंडळ्यांचे पाळक नेमिलें. जन्मानें ब्राह्मण असलेले हे पाळक महार-मांगांच्या कबरीच्या कांठीं उभे राहून प्रार्थना करीत, व त्या कबरीवर पहिली मूठमाती टाकीत. आज आपणांस ह्यांत नवल वाटत नाहीं. परंतु त्या काळच्या नगरांत तें पाहण्यास लोक थबकले असतील. हरिपंतांच्या घरचा हा झगडा कसा होता, हें त्यांची नगरास १८६२ सालीं जन्मलेली कन्या कृपाबाई सत्यनाथन् ह्यांनीं ‘सगुणा’ ह्या आपल्या इंग्रजी कादंबरींत रंगविलें आहे. ह्याबरोबर एक गोष्ट प्रामाणिकपणें सांगितली पाहिजे. जातिभेद मंडळींतून एका दिवसांत गेला नाहीं. पंक्तींत व सोयरिकींत तो पुष्कळ वर्षें घुटमळत राहिला. परंतु मातींत त्यास जागा राहिली नव्हती. जिवंत माणसांस जें जमण्यास पिढ्या लागल्या, तें दफनभूमीच्या ओळींत आधीं लिहिलें गेलें.

एका शिक्षिकेचें थडगें

ज्या वर्षीं कृपाबाई जन्मल्या त्याच वर्षीं, २५ जानेवारी १८६२ रोजीं, नगरास मिस सिंथिया फरार वारल्या. अमेरिकेंतील न्यू हॅम्पशायर प्रांतांत १७९५ सालीं त्यांचा जन्म झाला. १८२७ सालीं त्या जहाजानें मुंबईस आल्या. अमेरिकन बोर्डानें परदेशीं धाडिलेल्या पहिल्या अविवाहित स्त्रियांपैकीं त्या एक होत. मुंबईंत दहा वर्षें मुलींच्या शाळा चालवून त्या प्रकृतीमुळें मायदेशीं गेल्या. तेथेंच राहिल्या असत्या तर कोणीं दोष दिला नसता. परंतु १८३९ सालीं त्या परत आल्या व नगरांत राहिल्या, त्या शेवटपर्यंत.

त्यांच्या नगरच्या शाळा पाहून पुण्याच्या जोतीराव फुले ह्यांच्या मनांत मुलींची शाळा काढण्याचा विचार दृढ झाला, आणि १८४८ सालीं त्यांनीं ती काढिली. सावित्रीबाई फुले ह्यांनीं शिक्षिकेचें शिक्षण नगरास मिस फरार ह्यांच्याकडे घेतलें, असें सांगतात. म्हणजे ज्या मातींत मिस फरार निजल्या आहेत, तेथून निघालेला एक झरा पुण्यास गेला व तेथून साऱ्या महाराष्ट्रांत पसरला. त्यांस मूल नव्हतें, जवळचें नातलग कोणी येथें नव्हतें. त्यांस खांदा देणारे लोक कोण असतील ह्याचा विचार करून पाहा. ज्या मुलींस त्यांनीं बाराखडी शिकविली, त्यांचे बाप, भाऊ व नवरे हेच त्यांचे लोक होते. बुऱ्हाणशहाचे अवशेष नगरांतून दूर नेले, औरंगजेबाचा देह दूर नेला. ही बाई मात्र हजारों कोसांवरून येऊन नगरची झाली.

एका कवीची रक्षा

शेवटचें उदाहरण रेव्हरंड नारायण वामन टिळक ह्यांचें. रत्नागिरी जिल्ह्यांतील करजगांवीं १८६१ सालीं जन्मलेल्या ह्या ब्राह्मण कवीनें १० फेब्रुवारी १८९५ रोजीं मुंबईस बाप्तिस्मा घेतला, आणि पुढील आयुष्याचा मोठा भाग नगर व राहुरी येथें घालविला. पत्नी लक्ष्मीबाईंस त्यांच्या ह्या निर्णयानें काय काय सोसावें लागलें तें ‘स्मृतिचित्रें’ वाचणारास ठाऊक आहे. ९ मे १९१९ रोजीं टिळक मुंबईस वारले. त्यांनीं आपल्या अंत्यविधीविषयीं आधींच सांगून ठेविलें होतें. त्यांच्या इच्छेप्रमाणें त्यांचा देह पुरला नाहीं, त्यास अग्नि दिला, आणि रक्षा नगरास आणून ठेविली.

त्या काळीं ख्रिस्ती मनुष्यानें दहन मागणें ही धाडसाची गोष्ट होती. इंग्लंडांत दहनाचा कायदा १९०२ सालीं झाला होता खरा, परंतु लोकांस तें रुचत नव्हतें. रोमन कॅथलिक पंथानें तर दहनास परवानगी दिली ती १९६३ सालीं. टिळकांस ख्रिस्त हवा होता, पण तो हिंदी वेषांत हवा होता. भजन, कीर्तन व अभंग हे जसे त्यांनीं उपासनेंत आणिले, तसाच पूर्वजांचा अग्निही त्यांनीं सोडला नाहीं. ज्या संस्कारापासून घटस्फोटानें त्यांस तोडलें असतें, तो त्यांनीं स्वतःच्या नव्या घरीं परत मागून घेतला. आणि माती मागितली ती जन्मगांवची नव्हे, नगरची. बाबाजींच्या मरणानें १८३३ सालीं जो प्रश्न उभा केला, त्यास शहाऐंशीं वर्षांनीं मिळालेलें हें एक उत्तर होय.

ज्यांवर दगड नाहीं

येथवर ज्यांचीं नांवें राहिलीं त्यांच्याच गोष्टी झाल्या. परंतु कोणत्याही जुन्या दफनभूमींत दगड नसलेले उंचवटे दगडांहून अधिक असतात. १८७६–७८ चा दुष्काळ, १८९७ नंतरचा प्लेग, १८९९–१९०० चा छप्पन्नचा दुष्काळ, १९१८ चा इन्फ्लुएंझा, ह्या प्रत्येक संकटांत नगर जिल्ह्याची माणसें इतक्या वेगानें गेलीं कीं, दगड घडविण्यास पैसा नव्हता व खांदा देण्यास माणसें पुरत नव्हतीं. पावसाळ्यागणिक ते उंचवटे थोडे थोडे सपाट होत जातात. बागरोझा व सलाबतखानाची कबर ह्यांस पुरातत्त्व खात्याचें संरक्षण आहे. साध्या मनुष्याच्या साध्या दगडास कोणाचें संरक्षण असतें? त्यावरील अक्षरें ऊन, पाऊस व दगडफूल मिळून खातात, आणि ज्या दिवशीं शेवटचें अक्षर जातें, त्या दिवशीं तो मनुष्य दुसऱ्यानें मरतो.

विद्यार्थ्यांनीं ह्या बाबतींत पुष्कळ करण्यासारखें आहे, आणि त्यास पैसा लागत नाहीं. आपल्या गांवच्या दफनभूमींत वडील मंडळींची परवानगी घेऊन जावें. सकाळीं किंवा सायंकाळीं ऊन तिरपें पडतें तेव्हां झिजलेलीं अक्षरें उठून दिसतात. त्या वेळीं मोबाईलनें चित्र घ्यावें. दगड तारेच्या ब्रशानें घासूं नये, त्यावर आम्ल किंवा रंग लावूं नये. साफ करण्याच्या नादांत अक्षरें गेलेलीं पुष्कळ आहेत. लेख जसा असेल तसाच, चुकांसह, वहींत उतरवावा. जें वाचतां येत नाहीं तेथें रिकामी जागा सोडावी. तर्कानें भरूं नये. दगडाची दिशा, भाषा, तारीख व तुटलेला भाग टिपावा. जेथें दगडच नाहीं तेथें म्हाताऱ्या माणसांस विचारावें, ‘येथें कोण आहे?’ त्यांनीं सांगितलेलें नांव, व तें कोणीं सांगितलें हेंही, लिहून ठेवावें. मग मंडळीच्या दफनाच्या नोंदवहीशीं तें ताडून पाहावें. एका वर्गानें एका वर्षांत पन्नास नांवें जमविलीं तरी तो इतिहासच होय.

सुलतानास घुमट मिळाला, वजिरास डोंगर मिळाला, बादशहास दर्ग्याची सांवली मिळाली. हर्वी, बाबाजी, हरिपंत, मिस फरार व टिळक ह्यांस आपल्या शहराची माती मिळाली, आणि तिच्यांत त्यांच्या शेजारीं कोण निजावें ह्याचा हिशेब त्यांनीं मांडला नाहीं. त्यांच्याच ओळींत ज्यांचीं नांवें पुसत चाललीं आहेत, त्यांस खांदा देणें आपल्या हातीं राहिलें नाहीं. परंतु पेन्सील व वही घेऊन त्यांचें नांव उतरवून घेणें हा सुद्धां एक प्रकारचा खांदाच आहे, आणि तो आपण येत्या सुटींतच देऊं शकतों.